निधी कमी पडू देणार नाही

निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते, मंत्र्यांच्या सरकारी गाड्या जमा होतात, कोनशिलांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटतात आणि सत्ताधारी पक्षाला अचानक तिजोरीची काळजी वाटू लागते. काल-परवापर्यंत मंत्रिमंडळाच्या एकेका बैठकीत डझनावारी निर्णय झालेले असतात, रोज एका नव्या महामंडळाचं बारसं झालेलं असतं. पण विरोधकांचा जाहीरनामा हातात पडला की हीच मंडळी चष्मा पुसून विचारतात, "हे सगळं ठीक आहे हो, पण पैसा कुठून आणणार?"

प्रश्न रास्त आहे. गंमत एवढीच, की तो माणसाचा नसून खुर्चीचा आहे. खुर्चीत बसलेल्याने तो विचारायचा आणि खुर्चीतून उठवलेल्याने उत्तर द्यायचं. २०१९ ते २०२४ या एकाच विधानसभेच्या काळात महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्री पाहिले, त्यामुळे आपल्याकडच्या झाडून सगळ्या मोठ्या पक्षांना दोन्ही बाजूंचा भरपूर सराव झालेला आहे.

जाहीरनामा प्रकाशनाची पत्रकार परिषद एकदा नीट बघावी. हॉटेलचा वातानुकूलित हॉल. मागे फ्लेक्स, त्यावर नेत्यांचे फोटो वजनानुसार लहानमोठे. टेबलावर वाहिन्यांच्या बूमची अशी तटबंदी, की पलीकडच्या साहेबांचे फक्त डोळे दिसावेत. जाहीरनाम्याची रिबन सुटता सुटत नाही, शेवटी कुणीतरी ती दाताने तोडतो. मग सगळे नेते पुस्तिका छातीशी धरून "इकडे बघा साहेब"च्या गजरात चारी दिशांना वळतात. महिलांना इतके, शेतकऱ्यांना तितके, तरुणांना अमुक, वृद्धांना तमुक, सगळं वाचून होतं. चहा-समोशांची हालचाल सुरू झालेली असते, आणि नेमक्या त्या वेळी मागच्या रांगेतला एक पोरगेला वार्ताहर उभा राहतो. "साहेब, याला साधारण खर्च किती येईल?"

साहेब डावीकडे बघतात. डावीकडचे उजवीकडे बघतात. माइक हातोहात सरकत सरकत टेबलाच्या टोकाला, जाहीरनामा समितीच्या निमंत्रकांपाशी जातो. हे गृहस्थ अर्थशास्त्राचे प्राध्यापक तरी असतात किंवा निवृत्त सनदी अधिकारी तरी. ते घसा साफ करून सांगतात, "याचा आम्ही सविस्तर अभ्यास केलेला आहे." अभ्यास कुठे आहे? "तो योग्य वेळी जनतेपुढे ठेवू."

या 'योग्य वेळी'ला अखिल भारतीय मान्यता आहे. २०२५च्या बिहार निवडणुकीत तेजस्वी यादवांनी प्रत्येक कुटुंबाला एक सरकारी नोकरी देण्याचं आश्वासन दिलं. वीस दिवसांत कायदा, वीस महिन्यांत नोकऱ्या. बिहारमध्ये कुटुंबं आहेत सुमारे पावणेतीन कोटी. राज्याचा अर्थसंकल्प तीन लाख कोटींच्या थोडा पुढे. यातली ज्यांच्या घरी सरकारी नोकरी आधीच आहे ती कुटुंबं वगळली, तरी प्रश्न उरतो तो उरतोच. पगाराचा हिशेब विचारला तेव्हा अभ्यास झाल्याचं कळलं. पुढे निकालात त्यांच्या राष्ट्रीय जनता दलाच्या २५ जागा आल्या आणि तो अभ्यास दाखवण्याची वेळ टळली. सत्तेतल्या बाजूने निवडणुकीच्या तोंडावर महिलांच्या खात्यात दहा-दहा हजार रुपये जमा केले. त्यांना कुणी अभ्यास विचारलाच नाही. खात्यात आलेल्या पैशाला कुणी वंशावळ विचारत नाही.

पण 'अभ्यास' हे नवशिक्यांचं उत्तर झालं. मुरलेल्या विरोधी पक्षाच्या पोतडीत याहून सरस उत्तरं असतात.

त्यातलं पहिलं गळतीचं. "सरकारी पैशाला जी गळती लागली आहे ती थांबवली की झालं!" हा मोठा सोयीचा स्रोत. आधी पाच वर्षं विधिमंडळाच्या पायऱ्यांवर बसून, सत्ताधाऱ्यांनी किती हजार कोटी खाल्ले याचा आकडा ओरडायचा. तोच आकडा पुढे आपल्या बाजूला जमा म्हणून धरायचा. कर्नाटकात २०२३ साली काँग्रेसने 'चाळीस टक्के कमिशन'वर अख्खी निवडणूक लढवली. हा हिशेब खरा धरला तर कमिशन बंद होताच दर शंभर रुपयांमागे चाळीस रुपये सुटायला हवेत. काँग्रेस निवडून आली, पाच गॅरंट्या सुरू होऊ लागल्या आणि दोनच महिन्यांत उपमुख्यमंत्री शिवकुमार आपल्याच आमदारांना सांगू लागले, की गॅरंट्यांसाठी चाळीस हजार कोटी बाजूला काढावे लागले, यंदा विकासकामांना पैसे मागू नका. चाळीस हा आकडा तेवढा तिथे कायम राहिला. खाल्लेला पैसा आणखी एका बाबतीत चमत्कारिक असतो. तो वाचवला की एकाच वेळी शेतकऱ्यांना, बहिणींना आणि बेरोजगारांना, असा तीनदा पुरा पडतो.

दुसरं उत्तर उद्योगपतीचं. "बड्या उद्योगपतींसाठी पैसा आहे, आणि गरिबाला द्यायचं म्हटलं की तिजोरी रिकामी?" या वाक्यावर टाळी न पडलेली सभा मी ऐकलेली नाही. २०१९च्या लोकसभेला काँग्रेसने 'न्याय' योजना आणली. पाच कोटी गरीब कुटुंबांना वर्षाला ७२ हजार, म्हणजे ३ लाख ६० हजार कोटी. पक्षाने जाहीरनाम्यात चक्क हिशेब दिला होता, हे नोंदवलं पाहिजे. पण दिला तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांत. 'दोन टक्क्यांहून कमी' म्हटलं की कसं सुटसुटीत वाटतं! पुढे काँग्रेसच्याच सॅम पित्रोदांनी मध्यमवर्गाने कराबाबत स्वार्थी होऊ नये असा सल्ला दिला, आणि मध्यमवर्गाने एकदम टक्क्यांतून बाहेर येऊन खिसा चाचपला. राहुल गांधींना घाईघाईने खुलासा करावा लागला, की मध्यमवर्गावर एक पैशाचा कर वाढणार नाही, पैसा चौकीदाराच्या उद्योगपती मित्रांकडून येईल. मध्यमवर्ग निश्चिंत झाला आणि त्याने बहुमताने चौकीदारालाच मत दिलं.

चौकीदारही विरोधात असताना या बाबतीत मागे नव्हते. त्यांचा स्रोत तर सातासमुद्रापार होता. परदेशातला काळा पैसा परत आला तर एकेका गरिबाला फुकटात पंधरा-वीस लाख मिळतील, एवढा तो आहे, असं नरेंद्र मोदी २०१३ साली प्रचारसभेत म्हणाले. २०१५ साली अमित शहांनी 'तो जुमला होता' म्हणून फाइल बंद केली. मधल्या काळात देशातल्या किती पासबुकांची पानं उगाच उलटली गेली असतील!

तिसरं उत्तर दिल्लीचं. "आमच्या हक्काचा पैसा केंद्राकडून खेचून आणू." हे उत्तर दोन्ही पक्षांना चालतं, फक्त क्रियापद वेगळं लागतं. दिल्लीत विरोधकांचं सरकार असेल तर 'खेचून' आणायचा, आपलंच असेल तर तो 'डबल इंजिन'ने आपोआप यायचा.

पण उत्तराची खरी कलाकुसर बघायची तर १९९५च्या महाराष्ट्रात जायला हवं. शिवसेना-भाजप युती तेव्हा विरोधात होती आणि तिने मुंबईतल्या चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं वचन दिलं. पैसा कुठून आणणार? उत्तर ऐकून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली : सरकारचा एक पैसाही लागणार नाही! बिल्डर झोपडीच्या जागेवर इमारत बांधणार, झोपडीवाल्याला घर फुकट देणार, आणि वाढीव एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, वापरून उरलेली घरं बाजारभावाने विकून आपला खर्च आणि नफा काढणार. रिझर्व्ह बँक नोटा छापते, तसं नगरविकास खात्याला एफएसआय छापता येतं, हे युतीने विरोधी पक्षात बसूनच हेरलं. युती जिंकली, त्याच वर्षी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण निघालं, टॉवर उभे राहिले, बिल्डरांचं पुनर्वसन तर अगदी उत्तम झालं. आज तीस वर्षं झाली. त्या चाळीस लाखांतले पुष्कळ जण अजून पात्रतेचे कागद घेऊन रांगेत आहेत. त्याच वचननाम्यातली एका रुपयातली झुणका-भाकरही आठवत असेल. झुणका गेला, पण केंद्राची जागा मोक्याची होती. कित्येक ठिकाणी तिथे पुढे वडापाव आणि चायनीज आलं.

कधी कधी सत्ताधारी पक्ष प्रश्न विचारायचा सोडून उत्तरच पळवून नेतो. २००४ साली शिवसेनेने शेतकऱ्यांना मोफत विजेचं आश्वासन दिलं. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री होते. पैसा कुठून आणणार, असं त्यांनी शिवसेनेला विचारायला हवं होतं, रीतच आहे तशी. त्यांनी वीज मोफत करूनच टाकली. शून्य रकमेची बिलं निघाली, सत्ताधारी आघाडी पुन्हा निवडून आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि २००५ साली मोफत वीज बंद झाली. विरोधकांच्या आश्वासनाचा फायदा सरकारला आणि बिल पुन्हा शेतकऱ्याला, इतका स्वच्छ व्यवहार राजकारणात क्वचित बघायला मिळतो.

मात्र या शास्त्राचा कळस झाला तो २०२४च्या विधानसभेला. लोकसभेत फटका बसल्यावर सत्तेतल्या महायुतीने जूनमध्ये लाडकी बहीण योजना आणली. महिलांना महिना दीड हजार, वर्षाला अंदाजे ४६ हजार कोटी. विरोधातल्या महाविकास आघाडीने आवेशाने विचारलं, "पैसा कुठून आणणार?" खुर्चीचा प्रश्न विरोधकांच्या तोंडी आल्याने प्रश्नालाही क्षणभर ओशाळल्यासारखं झालं असणार. योजना तुफान चालली. मग आघाडीने विचार केला आणि नोव्हेंबरात जाहीर केलं : आम्ही तीन हजार देऊ! शिवाय एसटीचा प्रवास फुकट, शेतकऱ्यांना तीन लाखांपर्यंत कर्जमाफी, बेरोजगारांना चार हजारांपर्यंत भत्ता आणि पंचवीस लाखांचा आरोग्य विमा. सत्ताधारी कडाडले, "अहो, पैसा कुठून आणणार?" स्वतः मात्र एकवीसशे आधीच जाहीर करून बसले होते. लिलावात बोली लावणारा दोन्ही बाजूंचा माणूस 'तुझी ऐपत नाही' असं समोरच्याला सांगत होता, आणि विकत घ्यायचा माल तिजोरीतल्याच पैशाने घ्यायचा होता.

दीड हजाराला ४६ हजार कोटी, तर तीन हजाराला नव्वद हजार कोटींच्या पुढे, हे गणित चौथीतलं पोर करील. राज्याचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प ६ लाख १२ हजार कोटींचा, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा या एका योजनेला. हे गणित कुणी करत नव्हतं असंही नाही. काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनी ऑक्टोबर संपता संपता बेंगळुरूत आपल्याच नेत्यांना भर पत्रकार परिषदेत झापलं, की अर्थसंकल्प बघून आश्वासनं द्या, नाहीतर दिवाळखोरी ओढवेल. "महाराष्ट्रातही मी पाच-सहा-दहा-वीस गॅरंट्या देऊ नका असंच सांगितलं आहे," असंही ते म्हणाले. दहा-बारा दिवसांच्या आत तेच खर्गे मुंबईत आघाडीचा 'महाराष्ट्रनामा' प्रकाशित करत होते. बेंगळुरू आणि मुंबई यांच्या हवामानात फरक आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आता कुणी म्हणेल, निवडणूक आयोग काय करतो? आयोगाने आपलं काम केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर आचारसंहितेत कलमच घातलं गेलं, की आश्वासनामागचं कारण आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचे मार्ग जाहीरनाम्यात ढोबळमानाने सांगावेत, अशी अपेक्षा आहे. 'अपेक्षा आहे' हे शब्द आपल्याकडे पत्रिकेतल्या 'आहेर आणू नये' इतक्याच गांभीर्याने घेतले जातात. मग ऑक्टोबर २०२२मध्ये आयोगाने एक तक्ताच प्रस्तावित केला : लाभार्थी किती, खर्च किती, पैसा कशातून, कर वाढवणार की खर्च कमी करणार की कर्ज काढणार, भरा रकाने. पक्षांना पत्र गेलं. विरोधी पक्षांपैकी बऱ्याच जणांना हा लोकशाहीवरचा घाला वाटला. २०२४च्या जाहीरनाम्यांत नेत्यांचे फोटो होते, कमळं, मशाली, तुतारीवाले, सगळं होतं. रकाने तेवढे नव्हते.

खरी मौज निकालानंतर. महायुती प्रचंड बहुमताने आली. एकवीसशेंचं काय, या प्रश्नाला उत्तर मिळालं, की जाहीरनामा पाच वर्षांचा असतो. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले आणि दीड हजार कायम राहिले. कर्जमाफीचं विचारलं तर तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा असं सांगून टाकलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, ही म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असे. प्रचाराच्या महिन्यात ती म्हण रजेवर होती. सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडक्या बहिणींकडे वळवला म्हणून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच चारचौघांत तक्रार केली. सणासुदीचा 'आनंदाचा शिधा' थांबला. कामं करून बसलेले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले. पडताळणीत लाभार्थींमध्ये सरकारी नोकरीतल्या बहिणी निघाल्या आणि काही चक्क भाऊ निघाले.

आणि तीन हजार देणारे विरोधक? ते विधिमंडळाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसले : 'एकवीसशे कधी देणार?' ज्यांना दीड हजारालाच पैसा दिसत नव्हता, त्यांना आता एकवीसशे लख्ख दिसत होते. पायऱ्यांची ही दृष्टी अद्भुत असते. हिमाचलमध्ये तर पायऱ्यांवरून आत गेलेल्या काँग्रेसचे मुख्यमंत्री सुक्खू यांनी ऑगस्ट २०२४मध्ये आपला आणि मंत्र्यांचा दोन महिन्यांचा पगार पुढे ढकलला. इतक्या थेट उत्तराची कुणी अपेक्षाच केली नव्हती.

महाराष्ट्राचं थेट उत्तर निघालं जून २०२५मध्ये. मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, अपेक्षा वर्षाला चौदा हजार कोटींच्या जादा महसुलाची. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हाती कर वाढवायला उरलंय काय? दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, गाड्या, वीज. त्यामुळे कुठल्याही पक्षाने कितीही अभ्यास केला तरी शेवटी भावाच्या ग्लासातूनच बहिणीच्या खात्याकडे जावं लागतं. पण एकाही जाहीरनाम्यात हे लिहिलेलं नसतं. 'भावांनो, बहिणींसाठी दोन पेग जास्त घ्या' अशी घोषणा देणारा स्पष्टवक्ता अजून जन्माला यायचा आहे.

वास्तविक पैसा कुठून आणणार या प्रश्नाचं सरळ उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेलं आहे. तुमची पगाराची पावती काढा. भविष्यनिर्वाह निधीच्या खाली 'व्यवसाय कर' अशी ओळ असेल, दोनशे रुपयांची. फेब्रुवारीत तीनशे कापले जातात, कारण वर्षाचे अडीच हजार पुरे व्हायला हवेत आणि अडीच हजारांच्या वर हा कर घ्यायला राज्यघटनेची परवानगी नाही. १९७२च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर न्यायची ठरली, तेव्हा सरकारने १९७५ साली हा कर बसवला आणि सांगितलं, की गावातल्या माणसाच्या हाताला काम द्यायचं आहे, त्यासाठी शहरातल्या पगारदाराने पैसे द्यायचे आहेत. गळती नाही, उद्योगपती नाही, दिल्ली नाही. तुम्ही. राज्याने स्वतःच्या वाट्याचे तेवढेच पैसे घालायचे. पुढे या हमीचा देशाचा कायदा झाला, त्याच्या पायाचा दगड आपली योजना होती असं महाराष्ट्र सांगतो, आणि योग्यच सांगतो.

इतकी यशस्वी कल्पना, पण तिची नक्कल करायला एकही विरोधी पक्ष पुढे येत नाही. कारण तिच्यात देणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. आणि आपल्याकडे मतदाराला घेणाऱ्याच्या यादीत नाव हवं असतं, देणाऱ्यांच्या यादीत शेजारी. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त हिशेबनीस रेवडी संस्कृतीवर दर रविवारी जिन्यात उभं राहून तासभर बोलतात. परवा वहिनींच्या खात्यात हप्ता उशिरा आला, तेव्हा हेच गृहस्थ बँकेत जाऊन भांडले. "योजना चुकीचीच आहे," ते म्हणाले, "पण हप्ता वेळेवर नको का?"

म्हणून मला एखाद्या पक्षाचा प्रामाणिक जाहीरनामा बघायची फार इच्छा आहे. डाव्या रकान्यात आश्वासन, उजव्या रकान्यात पैसा. 'महिलांना दरमहा तीन हजार : त्याकरता तुमच्या तालुक्याचा रस्ता पुढची चार वर्षं आहे तसाच राहील.' 'कर्जमाफी : पेट्रोल लिटरमागे इतक्या रुपयांनी महागेल.' 'बेरोजगार भत्ता : भरती बंद राहील, त्यामुळे भत्ता घेणाऱ्यांची संख्या वाढेल, सबब कर्ज काढू, ते तुमची नातवंडं फेडतील.' शेवटी नेत्याची सही आणि पुढे कंसात, 'वरील सर्व खर्च वाचून पाहिला.'

असा उमेदवार उभा राहिलाच तर त्याचं काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतंही पडणार नाहीत आणि विधानसभेसाठी भरलेलं दहा हजारांचं डिपॉझिट जप्त होईल. जप्त झालेली ही रक्कम नियमाप्रमाणे राज्य सरकारच्या तिजोरीत जमा होते. म्हणजे अख्ख्या निवडणुकीत कुणाच्या खिशातून पैसा आणणार हे ज्याने आधी सांगितलं आणि सांगितल्याप्रमाणे आणूनही दाखवला, असा तोच एक निघेल. खिसा तेवढा त्याचा स्वतःचा असेल.